अक्षरावरून शब्द : भेंड्यांपासून दहावीच्या कृतिपत्रिकेपर्यंत

एखादे अक्षर किंवा अक्षरांचा गट हाती देऊन त्यावरून शब्द काढायला लावणारे खेळ वरवर एकाच जातीचे वाटतात. पण त्यांतील बंधने एकमेकांपासून बरीच वेगळी असतात. शब्दाचे पहिले अक्षर ठरलेले असणे, शेवटचे अक्षर ठरलेले असणे, एखादे अक्षर शब्दात कोठेतरी असणे, ठरावीक घरात ठरावीक अक्षर असणे, दिलेल्या अक्षरांच्या बाहेर एकही अक्षर न वापरणे आणि एखादे अक्षर कटाक्षाने टाळणे ही सगळी वेगवेगळी कामे आहेत. त्यांतले पहिले तेवढे सोपे जाते, कारण माणसाला शब्द आठवतो तो बहुधा आरंभापासून आणि छापील कोशही आरंभापासूनच लावलेले असतात. उरलेल्या प्रत्येक कामासाठी शब्दांचा साठा नव्याने लावून घ्यावा लागतो, मग ती फेरमांडणी मनात होवो, वहीत होवो की यंत्रात. इंग्रजी शब्दखेळांसाठी आजवर निघालेल्या युक्त्या, याद्या आणि संगणकीय साधने या एकाच गरजेची निरनिराळी उत्तरे आहेत. मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलापुढे मात्र त्याच्या जोडीला आणखी एक अडचण उभी राहते. त्याच्या कानाला लागलेली अक्षराची सवय इंग्रजीत उपयोगी पडत नाही, आणि ही अडचण अभ्यासक्रमात फारशी बोलून दाखवली जात नाही.

सोलापूर जिल्ह्यातील करकंब हे पंढरपूरच्या उत्तरेला वसलेले मोठे गाव त्र्यंबकेश्वराहून आषाढीला निघणाऱ्या संत निवृत्तिनाथांच्या पालखीच्या वाटेवर आहे. अशा गावातील मुलाला अक्षरावरून शब्द काढण्याचे पहिले वळण लागते ते ‘नाव-गाव-फळ-फूल’ या खेळात. एकाने मनात वर्णमाला म्हणायची, दुसऱ्याने ‘थांब’ म्हणायचे आणि जे अक्षर आले असेल त्यावरून चारही रकाने भरायचे, एवढाच त्याचा नियम. ‘क’ आले तर गावाच्या रकान्यासाठी करकंब, करमाळा, कुर्डुवाडी, कंदर, कासेगाव अशी नावांची रीघ लागते आणि फळाफुलांत कलिंगड, कवठ, करवंद, कण्हेर, केवडा, कर्दळ असे पुष्कळ पर्याय असतात. ‘म’ आले तर या जिल्ह्यातील मूल आणखी निर्धास्त असते, कारण जिल्ह्याच्या 11 तालुक्यांपैकी माढा, मोहोळ, माळशिरस आणि मंगळवेढा हे चार तालुके ‘म’चेच आहेत. उलट ‘झ’ किंवा ‘ढ’ आले की पेन्सिल थबकते. कोणत्या अक्षराने पुष्कळ शब्द सुरू होतात आणि कोणत्याने थोडे, याची म्हणजे अक्षराच्या वारंवारतेची जाण मूल अशी नकळत मिळवते. शिवाय दोघांनी एकच उत्तर लिहिले तर गुण निम्मे होतात, त्यामुळे सर्वांना सुचणारा शब्द सोडून आडवळणाचा शब्द शोधण्याची सवयही लागते. शब्दखेळांतील डावपेचांचे मूळ याच सवयीत आहे.

भेंड्यांचा म्हणजे अंत्याक्षरीचा खेळ याच्या पुढची पायरी आहे. त्यात शेवटच्या अक्षराकडे लक्ष द्यावे लागते, आणि अभंग, आर्या, श्लोक, चित्रपटगीते असा कोणताही साठा त्याला चालतो. या खेळाने एक अडचण फार पूर्वीच सोडवून ठेवली आहे. मराठीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी शब्द सुरू होत नाहीत, म्हणून या अक्षरांवर कडवे संपले तर पुढच्याने अनुक्रमे ‘न’ आणि ‘ल’ घ्यायचे, असा संकेत सर्वत्र मान्य आहे. हा संकेत उच्चाराच्या जवळिकीवर उभा आहे, आणि त्यावरून मराठी खेळांचा एकूण स्वभाव कळतो. मराठीत अक्षर हे कानाने पकडायचे एकक आहे, ते ऐकले की लिहिता येते आणि लिहिलेले बहुतेक जसेच्या तसे वाचता येते. भेंड्या खेळायला म्हणून कागद लागत नाही.

याच कानावर विसंबून मूल इंग्रजी शब्दखेळाकडे वळते. महाराष्ट्रात 2000-01 या शैक्षणिक वर्षापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले, त्यामुळे दहावीपर्यंत इंग्रजीचा सहवास दहा वर्षांचा होतो. पुण्याच्या राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या 80 गुणांच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत भाषाभ्यासाच्या पहिल्याच प्रश्नात अक्षरांच्या कृती येतात. गाळलेली अक्षरे भरून शब्द पूर्ण करणे, शब्द वर्णक्रमाने लावणे, नामांची साखळी पुढे नेणे, दिलेल्या मोठ्या शब्दातील अक्षरांतून किमान तीन अक्षरी चार शब्द तयार करणे असे त्यांचे स्वरूप असते आणि प्रत्येक कृतीला 2 गुण असतात. या कृती किरकोळ समजल्या जातात, शिकवताना निबंध, पत्र आणि उतारा यांच्या मागे पडतात आणि ‘त्या मुलांना येतातच’ असे गृहीत धरले जाते. हे गृहीत चुकीचे आहे. पृथक्करणाच्या तीन-चार निरनिराळ्या रीती या कृतींत एकत्र आलेल्या आहेत आणि प्रत्येक रीत स्वतंत्रपणे शिकवावी लागते.

शब्दसाखळीचेच पाहावे. साखळीत ‘टेबल’ आले की पुढचा शब्द कोणता, असे विचारल्यावर भेंड्यांत तयार झालेला कान ‘ल’ ऐकतो आणि ‘लॅम्प’ सुचवतो. पण इंग्रजी लेखनात टेबलच्या शेवटी ‘ई’ हे न उच्चारले जाणारे अक्षर आहे, म्हणून पुढे ‘एलिफंट’, ‘एग’ किंवा ‘इंजिन’ यायला हवे. ‘हाउस’, ‘नाइफ’, ‘ऑरेंज’, ‘ॲपल’, ‘बॉटल’, ‘टाइम’ या सगळ्यांचा शेवट कानाला वेगवेगळा लागतो, पण कागदावर तो एकाच ‘ई’वर होतो. त्यामुळे इंग्रजी साखळीत ‘ई’ वारंवार येते आणि ‘ई’ने सुरू होऊन दुसऱ्या अक्षरावर संपणारी दहा-बारा नामे पाठ असणाऱ्याची साखळी तुटत नाही. अशा नामांत ‘एग’ आणि ‘एलिफंट’ कामाचे आहेत. ‘आय’ म्हणजे डोळा आणि ‘इंजिन’ हे शब्द मात्र पुन्हा ‘ई’वरच संपतात, म्हणून ते पुढच्याला अडचणीत टाकण्यासाठी चांगले आणि स्वतःच्या उत्तरपत्रिकेत टाळण्याजोगे. ‘वाय’वर संपणाऱ्या शब्दांच्या मागे लावायला ‘यार्ड’, ‘यीअर’, ‘याक’ एवढी तीन नामेही पुरतात. असे पाठांतर कोणाला कमी दर्जाचे वाटेल. पण त्यात शब्दाच्या शेवटाकडे पाहण्याची सवय लागते, आणि इंग्रजी शुद्धलेखनाचा मोठा भाग शब्दाच्या शेवटीच अडलेला असतो.

मोठ्या शब्दातून लहान शब्द काढण्याच्या कृतीत वेगळे कौशल्य लागते. ‘इन्स्ट्रुमेंट’ हा शब्द दिला आहे असे धरले तर त्यात आय, एन, एस, टी, आर, यू, एम, ई, एन, टी अशी दहा अक्षरे आहेत. ‘एन’ आणि ‘टी’ दोनदा, बाकीची एकेकदाच. नवा विद्यार्थी सलग तुकडे शोधतो आणि ‘मेन’च्या पुढे जात नाही, कारण मूळ शब्दाचा क्रम त्याच्या डोळ्यांपुढून हटत नाही. म्हणून प्रथम स्वर वेगळे काढावेत, येथे ते ई, आय आणि यू असे तीन आहेत, आणि एकेक स्वर मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना व्यंजने लावून पाहावीत. ‘ई’ घेतली की नेट, टेन, रेंट, टेंट मिळतात. ‘आय’ घेतला की मिंट आणि टिन, तर ‘यू’ घेतला की सन, रस्ट, ट्रस्ट. मग दोन स्वर एकत्र घेऊन ‘युनिट’ आणि तिन्ही घेऊन ‘मिनिट’पर्यंत जाता येते. फक्त एक ‘एस’ सोडून उरलेली नऊच्या नऊ अक्षरे वापरणारा ‘न्यूट्रिमेंट’ म्हणजे पोषक द्रव्य हा शब्दही त्यातून निघतो. ‘एंटर’ मात्र चालत नाही, कारण त्याला दोन ‘ई’ लागतात आणि मूळ शब्दात एकच आहे. हा मोजणीचा नियम न सांगितल्यामुळे अनेकांचे गुण जातात. करकंबच्या रूढ इंग्रजी लेखनावरही हा सराव करता येतो. त्यात के, ए, आर, के, ए, एम, बी ही सात अक्षरे आहेत आणि स्वर एकच, तोही दोनदा. आर्म, रॅम, बार, बार्क, मार्क हे शब्द त्यातून लगेच निघतात. दोन्ही ‘ए’ वापरायचे ठरवले तर ‘कर्मा’ मिळतो, जो इंग्रजी कोशांनी केव्हाच आपलासा केला आहे.

शब्द कोणत्या टोकाने लावायचे, हा प्रश्न कोशकारांपुढेही होता. रॉबर्ट कॉड्री याने 1604 मध्ये काढलेला इंग्रजीतील पहिला एकभाषी कोश वर्णक्रमाने लावलेला होता, आणि वर्णक्रम म्हणजे काय, कोणत्या अक्षराचे शब्द पुस्तकाच्या आरंभी मिळतील आणि कोणत्या अक्षराचे शेवटी, हे त्याला प्रस्तावनेत वाचकांना समजावून सांगावे लागले. आज स्वाभाविक वाटणारी ही मांडणीही एके काळी शिकवावीच लागली होती. मराठीत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये आणि त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 मध्ये निघाली. पुढे दाते आणि कर्वे यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग 1932 ते 1938 या काळात प्रसिद्ध झाले. हे सर्व कोश आदिवर्णाने लावलेले आहेत. अंत्यवर्णाने लावण्याची कल्पना मात्र भारतात फार जुनी आहे. अमरसिंहाचा अमरकोश मुख्यतः विषयवार लावलेला असला, तरी त्यातील नानार्थवर्गात, म्हणजे अनेकार्थी शब्दांच्या भागात, शब्दांची रचना शेवटच्या व्यंजनावरून कान्त, खान्त, गान्त अशा क्रमाने केलेली आहे. इंग्रजीत जॉन वॉकर याने 1775 मध्ये शब्द शेवटाकडून लावलेला कोश काढला, तो यमक शोधणाऱ्या कवींच्या उपयोगी पडला आणि पुढे दीर्घकाळ छापला जात राहिला. शेवट ठरलेला शब्द शोधण्याचा प्रश्न अशा रीतीने यंत्राच्या कितीतरी आधी, निव्वळ मांडणी बदलून सुटला होता.

अक्षर टाळण्याच्या बंधनाची परंपरा तर खेळाच्या पातळीवरून थेट काव्यशास्त्रात पोचते, आणि या आढाव्यातील सर्वांत समृद्ध भाग तोच आहे. दंडीच्या दशकुमारचरितातील सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त हा राजकुमार आपली हकीकत एकही ओष्ठ्य वर्ण न वापरता सांगतो, कारण प्रेयसीच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखावलेले असतात. ओष्ठ्य म्हणजे ओठ मिटून किंवा मुरडून उच्चारायचे प, फ, ब, भ, म हे वर्ण आणि उ, ऊ, ओ, औ हे स्वर. दात आणि ओठ मिळून होणारा ‘व’ही त्यांच्याबरोबर टाळला जातो. भारवीच्या किरातार्जुनीयाचा पंधरावा सर्ग आणि माघाच्या शिशुपालवधाचा एकोणिसावा सर्ग यांत एकाच व्यंजनावर रचलेल्या श्लोकांपर्यंत ही कसरत गेलेली आहे. मराठीत तिचा वारसा मोरोपंतांनी चालवला. 1729 मध्ये पन्हाळ्याला जन्मलेले आणि बारामतीत आयुष्य घालवून 1794 मध्ये निवर्तलेले मोरोपंत यांच्या नावावर 108 रामायणे सांगितली जातात. त्यांतील अनेक रामायणांत अक्षरांची किंवा रचनेची काही ना काही अट स्वतःवर घालून घेतलेली आहे.

त्यांच्या निरोष्ठ रामायणाची अट किती कठीण आहे, हे नामावलीवरूनच ध्यानात येते. ‘म’ टाळायचा म्हणजे कथानायकाचे ‘राम’ हे नावच बाद होते. ‘रघुपती’त ‘उ’ आणि ‘प’ आहेत, ‘राघवा’त ‘व’ आहे, ‘रघुनंदना’त पुन्हा ‘उ’ आहे. भरत, लक्ष्मण, हनुमान, विभीषण, कुंभकर्ण आणि रावण हे सगळे दाराबाहेर राहतात. सीता आणि दशरथ तेवढे आत येऊ शकतात. अशा अटीत कवीला शब्द सुचून चालत नाही, त्याला प्रत्येक अर्थासाठी पाच-सहा पर्याय मनात हजर ठेवून त्यांतला चालणारा निवडावा लागतो. पर्यायांचा एवढा साठा अमरकोशासारखे कोश मुखोद्गत असल्याशिवाय शक्य नव्हता. मोरोपंतांच्या या रचनांना पुढील काळातील काही टीकाकारांनी शब्दांची सर्कस ठरवले. रसाच्या दृष्टीने त्या आक्षेपात तथ्य असेलही, पण भाषेचा सगळा साठा एकाच निकषावर हलवून पाहण्याची अशी कवायत मराठीत दुसऱ्या कोणी एवढ्या प्रमाणावर केलेली नाही, आणि शब्दखेळांच्या इतिहासात तिला मानाचे स्थान मिळायला हवे. पाश्चात्त्य वाङ्मयात या प्रकारची उदाहरणे म्हणून अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट याची 1939 ची ‘गॅड्सबी’ ही इंग्रजी कादंबरी आणि जॉर्ज पेरेक याची 1969 ची ‘ला दिस्पारिसिओं’ ही फ्रेंच कादंबरी नेहमी सांगितली जातात. दोन्हींत ‘ई’ हे अक्षर वर्ज्य आहे. मोरोपंतांनी वर्ज्य केले ते उच्चारस्थान आणि या दोघांनी वर्ज्य केले ते छापील चिन्ह, एवढ्या फरकात दोन लिप्यांचा स्वभाव उतरला आहे.

‘ई’ टाळणे अवघड का, याचे उत्तर इंग्रजी मजकुरातील अक्षरांच्या वारंवारतेत आहे. एखाद्या भाषेतील पुरेशा लांब मजकुरात प्रत्येक अक्षर साधारण ठरावीक प्रमाणात येते, ही गोष्ट अल् किंदी या अरबी पंडिताने नवव्या शतकात गुप्त लिपी उलगडण्यासाठी वापरली होती. इंग्रजीत ‘ई’चे प्रमाण सर्वांत जास्त, शेकडा 12च्या आसपास, आणि तिच्यामागे टी, ए, ओ, आय, एन यांचा क्रम लागतो. अल्फ्रेड मोशर बट्स हा मंदीच्या काळात बेकार झालेला अमेरिकी वास्तुविशारद 1930च्या दशकात एक शब्दखेळ तयार करत होता, तेव्हा त्याने वर्तमानपत्राच्या पानांवरील अक्षरे मोजून फरशांची संख्या ठरवली. 1948 मध्ये जेम्स ब्रुनो याने त्या खेळाला ‘स्क्रॅबल’ हे नाव देऊन तो बाजारात आणला. त्यातील 100 फरशांपैकी 2 कोऱ्या आहेत. ‘ई’च्या 12, ‘ए’ आणि ‘आय’च्या प्रत्येकी 9, तर के, जे, एक्स, क्यू आणि झेड यांची प्रत्येकी एकच. सहज येणाऱ्या अक्षराला 1 गुण आणि ‘क्यू’ व ‘झेड’ यांना 10 गुण, अशी किंमत अक्षराच्या दुर्मीळपणावरून ठरते. ‘एस’ मात्र मुद्दाम चारच ठेवले आहेत, कारण ते जास्त असते तर कोणत्याही नामाला ‘एस’ लावून अनेकवचन करणे एवढाच खेळ उरला असता.

या खेळाने शब्द शोधण्याच्या कलेला शास्त्राची शिस्त आणली. मुरलेले खेळाडू शब्द अर्थाने पाठ करत नाहीत, अडचणीच्या अक्षरांच्या याद्या करतात. ‘क्यू’च्या मागोमाग ‘यू’ यायचाच, हा इंग्रजीचा नियम. मग ‘यू’ हाती नसताना ‘क्यू’ खपवायचा कसा? त्यासाठी अरबीतून आलेला ‘फकीर’ कामी येतो, कारण इंग्रजीत तो ‘के’ने लिहितात तसा ‘क्यू’नेही लिहितात आणि त्यात ‘यू’ नसतो. दोन अक्षरी शब्दांची यादी, स्वरच स्वर असलेल्या शब्दांची यादी, सातही फरशा एका दमात खाली ठेवून 50 गुणांची भर मिळवून देणाऱ्या शब्दांची यादी, अशा याद्या स्पर्धांत उतरणारे खेळाडू तोंडपाठ करतात. शब्दाचे आदि-अंत ओळखणे हाही याचाच भाग आहे. हातात आय, एन, जी किंवा टी, आय, ओ, एन ही अक्षरे असली, तर ती शब्दाच्या शेवटासाठी बाजूला काढून उरलेल्यांकडे पाहायचे. आर, ई किंवा यू, एन असतील तर त्यांचा आरंभासाठी विचार करायचा. मराठी शाळेत उपसर्ग आणि प्रत्यय व्याकरणाच्या तासाला शिकवले जातात, त्यांचा असा चालता उपयोग मात्र सहसा दाखवला जात नाही.

सर्व अक्षरे तीच ठेवून त्यांची उलथापालथ करून नवा शब्द काढण्याच्या प्रकाराला इंग्रजीत ‘ॲनाग्रॅम’ म्हणतात. याची गुरुकिल्ली एका साध्या कल्पनेत आहे. कोशातील प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून त्याची एक खूण तयार करायची, आणि ज्यांची खूण सारखी ते शब्द एका कप्प्यात टाकायचे. ऐकणे या अर्थाचा ‘लिसन’ आणि शांत या अर्थाचा ‘सायलेंट’ यांत कानाला काहीही समान लागत नाही. पण दोघांचीही खूण ई, आय, एल, एन, एस, टी हीच निघते. त्याच कप्प्यात भरती करून घेणे या अर्थाचा ‘एनलिस्ट’, चकचकीत पट्टी या अर्थाचा ‘टिन्सेल’ आणि खाडीची तोंडे या अर्थाचा ‘इनलेट्स’ हेही पडलेले असतात. ‘लिसन’मधला ‘टी’ बोलण्यात नाहीसा होतो, पण खेळात तो पूर्ण किमतीचा असतो. हे एक उदाहरण फळ्यावर सावकाश सोडवून दाखवले, तर कानावर विसंबून इंग्रजी शब्दखेळ खेळता येत नाही ही गोष्ट मुलांना जितकी पटते तितकी ती नियम सांगून पटत नाही.

यंत्राकडे हे काम गेले तेव्हा या फेरमांडण्याच त्याने वेगाने केल्या. युनिक्स प्रणालीत 1973 च्या सुमारास आलेल्या ‘ग्रेप’ या आज्ञेला अक्षरांचा नमुना दिला की ती मजकुरातून त्या नमुन्यात बसणाऱ्या ओळी काढून देते. शब्दांची यादी एका ओळीत एक अशी ठेवली, की तिसरे अक्षर ‘के’ आणि शेवटचे ‘वाय’ असलेले सर्व पाच अक्षरी शब्द क्षणात समोर येतात. 1988 मध्ये अँड्र्यू ॲपेल आणि गाय जेकबसन यांनी स्क्रॅबल खेळणाऱ्या संगणकासाठी कोश एका जाळ्याच्या रूपात साठवण्याची रीत मांडली. तिच्यात शब्दांचे सारखे आरंभ एकदाच साठवले जातात आणि सारखे शेवटही एकत्र केले जातात. निरनिराळ्या दिशांनी आलेल्या पालख्या वाखरीला मिळून तेथून पंढरपूरची वाट एकच चालतात, तसे निरनिराळ्या आरंभांचे शब्द या जाळ्यात एकाच समान शेवटाला येऊन मिळतात. यामुळे जागा वाचते आणि कोणत्या अक्षरानंतर कोणते येऊ शकते हे यंत्राला पावलोपावली कळते. फोनवर अक्षरे टाकताच शब्दांची यादी पुढे करणाऱ्या साधनांच्या पोटात अशाच युक्त्या असतात. जॉश वॉर्डल याने 2021 च्या ऑक्टोबरात सर्वांसाठी खुला केलेला आणि 2022 च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतलेला ‘वर्डल’ हा पाच अक्षरांचा आणि सहा प्रयत्नांचा खेळ तर सर्व बंधने एकत्र करतो. अक्षर योग्य घरात आहे, शब्दात आहे पण दुसऱ्या घरात आहे, किंवा शब्दातच नाही, हे तो प्रत्येक प्रयत्नानंतर रंगांनी सांगतो.

देवनागरीला हीच यंत्रे लावताना जो पेच पडतो तो मुळातला आहे. संगणक युनिकोडमधील संकेत मोजतो आणि मराठी वाचक अक्षरे मोजतो, आणि या दोन मोजण्या जुळत नाहीत. ‘करकंब’ आणि ‘कुर्डुवाडी’ ही दोन्ही नावे मराठी माणसाच्या हिशेबी चार-चार अक्षरांची आहेत. यंत्राच्या हिशेबी मात्र पहिल्यात अनुस्वार धरून 5 संकेत आहेत आणि दुसऱ्यात उकार, रफार, काना आणि वेलांटी धरून 10. म्हणून इंग्रजीसाठी केलेला शब्दशोधक मराठीवर जसाच्या तसा चालवला, तर ‘चार अक्षरी शब्द’ मागणाऱ्याच्या हाती भलतेच काही लागते. मराठी शब्दकोड्यांनी हा निर्णय कधीच घेऊन टाकला आहे. वर्तमानपत्रातील कोड्याच्या एका घरात मात्रा, अनुस्वार किंवा जोडाक्षर यांसह एक अक्षर बसते, आणि आडव्या-उभ्या शब्दांना ते तसेच्या तसे सामाईक असावे लागते. या नियमामुळे कोडे रचणे इंग्रजीपेक्षा कठीण होते. इंग्रजीत कोणत्याही घरात 26 शक्यता असतात, तर मराठीत 34 व्यंजनांची बाराखडी धरली तरी त्या 408 होतात, आणि जोडाक्षरे व नुसते स्वर त्यांच्याही पलीकडे राहतात. मराठीसाठी फरशांचा खेळ करायचा तर पूर्ण अक्षरांच्या फरशा करायच्या की व्यंजने आणि मात्रा सुट्या ठेवायच्या, या प्रश्नाचे उत्तरही त्यावर अवलंबून आहे. सुट्या मात्रांचा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो, कारण पाचशेच्या घरातील निरनिराळी चिन्हे कोणत्याही पिशवीत मावली तरी खेळणाऱ्याच्या हातात योग्य वेळी येणार नाहीत.

शब्द शोधून देणारी साधने मुलांच्या हातात असताना शोधण्याची कला शिकवावी का, या प्रश्नाकडे आता वळता येते. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. त्याने त्या भाषेचा खेळापुरता कोश अवघ्या काही आठवड्यांत पाठ केला होता. अर्थावाचून अक्षरे किती दूर नेऊ शकतात याचा हा पुरावा आहे, आणि स्पर्धेच्या मैदानात त्याचे कौतुकच व्हायला हवे. शाळेत मात्र हे उद्दिष्ट नाही. शब्दशोधकात अक्षरे टाकून मिळालेली तीस-चाळीस शब्दांची यादी करकंबच्या विद्यार्थ्याला चार गुणांपुरती उपयोगी पडली, तरी त्यातील बहुतेक शब्द त्याने पूर्वी ऐकलेले नसतात आणि पुन्हा तो ते वापरत नाही. त्याउलट बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात भेटलेलेच शब्द त्याने स्वतः शेवटच्या अक्षराने वहीत लावले, न उच्चारली जाणारी अक्षरे खालून अधोरेखित केली आणि पुढे सरमिसळ अक्षरांची खूण काढायला शिकला, तर प्रत्येक शब्द त्याच्या हाताखालून तीन-चार वेळा वेगळ्या बाजूने जातो. शालेय शिष्यवृत्ती परीक्षांत अक्षरांची जुळणी करून शब्द ओळखण्याचे प्रश्न मराठीतही येतात. तेव्हा दोन्ही भाषांचे शिक्षक हा सराव एकत्र घेऊ शकतात आणि अक्षर कुठे ऐकायचे व कुठे पाहायचे हा फरक एकाच तासाला समोरासमोर ठेवू शकतात. यासाठी फोनही लागत नाही, शंभर पानी वही आणि शाळेच्या कपाटातला कोश पुरतो.

मराठीच्या बाजूने राहिलेले काम यापेक्षा मोठे आहे. मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत शोधण्याजोग्या स्वरूपात ठेवलेला आहे, म्हणजे कच्चा माल तयार आहे. त्यावर अक्षरांची मोजणी मराठी रीतीने करणारा, जोडाक्षर एक धरणारा, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद हवा तर पाळणारा आणि हवा तर सोडणारा, अंत्याक्षराने शब्द लावून देणारा शोधक उभा राहिला, तर कोडी रचणाऱ्यांना, यमक शोधणाऱ्यांना आणि भेंड्यांत ‘ढ’वर अडलेल्यांना तो सारखाच उपयोगी पडेल. अमरकोशाच्या नानार्थवर्गाने जी मांडणी संस्कृतसाठी करून ठेवली, ती दाते-कर्वे यांच्या सात विभागांतील शब्दांसाठी करणे हे आता एखाद्या विद्यापीठाच्या मराठी आणि संगणक विभागांनी मिळून हाती घेण्याजोगे काम आहे.